दिवेआगरला रात्री गळ टाकायला जाताय? मग दुपारीच पोचा

पुण्याहून गळ घेऊन निघालेली मंडळी बहुतेक अंधार पडल्यावर दिवेआगरला पोचतात, जिथे गाडी लावली तिथूनच फेकायला लागतात आणि मग पहाटेपर्यंत समुद्राकडे बघत बसतात. ताम्हिणीतून चार-साडेचार तास धरा आणि दुपारच्या ओहोटीला किनाऱ्यावर हजर राहा. पाणी उतरलेलं असतं तेव्हा वाळूतले चर दिसतात, म्हणजे किनाऱ्याला समांतर लांबट खोलगट पट्टा, तिथे लाट फुटत नाही आणि पाणी जरा काळपट दिसतं. तो कुठल्या सुरूच्या झाडासमोर येतो ते नीट बघून ठेवा. रात्री भरतीबरोबर मासा खेकडे-कोळंबी शोधत त्याच चरात येतो आणि कितीतरी वेळा तीस-चाळीस मीटरवरच असतो, त्यामुळे शंभर मीटर फेकायचा नाद सोडा, माशाच्या डोक्यावरून पलीकडे टाकून काय मिळणार.

वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे रात्री नऊच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी तीनला ओहोटी, मस्त जमतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो म्हणून श्रीवर्धनचा भरतीचा टाइम फोनवर बघून घ्याच. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक, एवढंच खरं काम. अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, पाण्याला ओढच नसते, मी तर घरीच बसतो. पावसाळ्यात तर विषयच नको, नारळी पौर्णिमा होऊन समुद्र शांत झाला की मग बघा.

बारा फुटी रॉड, पाच-सहा हजार साइजची रील. शिसं शंभर ग्रॅमचं, पिरॅमिडच घ्या, ते वाळूत रुततं, गोल शिसं लाटेबरोबर गडगडत परत पायाशी येतं. ब्रेड लाइनच्या, म्हणजे विणलेल्या दोऱ्याच्या, पुढे रॉडच्या दुप्पट लांबीची जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) शॉक लीडर म्हणून बांधा, फेकतानाचा झटका तीच सोसते. इथे कंजूषी करू नका, फेकताना लाइन तुटली तर ते शिसं गोळीसारखं सुटतं आणि शेजारी कोणी उभं असलं तर संपलंच.

चारा म्हणून कोळंबी किंवा बांगड्याचा तुकडा. गणेश पेठेतून आदल्या दिवशी कोळंबी घ्या, सोलून मीठ लावून डब्यात ठेवा, सकाळपर्यंत घट्ट होते. गळाला लावली की वरून बारीक इलॅस्टिक दोरा गुंडाळायचा, नाहीतर फेकतानाच कोळंबी एकीकडे आणि गळ दुसरीकडे.

रॉडच्या टोकाला घुंगरू लावा पण सगळा भरवसा त्यावर नको. मासा चारा घेऊन किनाऱ्याकडे आला की घुंगरू वाजतच नाही, ताणलेली लाइन अचानक सैल पडून लोंबते, लोकांना वाटतं शिसं सुटलं. झटका देऊ नका, भरभर गुंडाळत दोन पावलं मागे या, वजन लागलं की मग रॉड उचला.

हेडलॅम्प लाल उजेडाचा ठेवा, हिवाळ्यात या पट्ट्यात कासवं अंडी घालायला वर येतात, पांढऱ्या उजेडाने ती परत फिरतात. आणि वर आलेल्या माशाला उजेड पाडून बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. शिंगाळ्याच्या (कॅटफिश) पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, पाकटाचा (स्टिंगरे) काटा शेपटीवर, दोन्ही विषारी. पाकट असेल तर सरळ तंगूस कापा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवा, वेदना उतरते, आणि मग डॉक्टर गाठा. म्हणून थर्मासमध्ये चहाशिवाय नुसतं गरम पाणीही असू द्या.