कुठला कचरा घातक आहे हे फेकायच्या आधी कसं ओळखायचं

नुसत्या वासावरून ठरवू नका हो. सडलेली भाजी नाक धरायला लावते पण तिची शेवटी मातीच होते, आणि फुटलेल्या थर्मामीटरमधून फरशीवर घरंगळलेला पाऱ्याचा थेंब, ना वास ना धूर, तो मात्र बंद खोलीत हळूहळू वाफ होऊन आपल्या श्वासात जात राहतो. म्हणून चार गोष्टी तपासायच्या.

पहिली म्हणजे पेट घेतं का. थिनर, टर्पेंटाइन, नेलपॉलिश रिमूव्हर, उरलेलं पेट्रोल हे सगळं यात येतं. इथे फ्लॅश पॉइंट बघतात, म्हणजे किती तापमानाला त्याची वाफ ठिणगी लागली की भडकते, आणि तो साधारण 60 डिग्री सेल्सिअसच्या खाली असला की द्रव घातक धरतात. पेट्रोलचा तर शून्याच्याही 40 डिग्री खाली आहे, त्यामुळे कॅन रिकामा दिसला तरी आतली वाफ पुरेशी असते.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती फडक्यांची. लाकडाला जवसाचं तेल लावून झालं की फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकतात ना, ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, पसरलेल्या फडक्यातून ती उष्णता निघून जाते पण बोळ्यात अडकते, आणि काही तासांत तो बोळा कुणी काडी न लावता आपोआप पेटू शकतो. फडकी बाहेर सुटी सुटी पसरून कडक वाळू द्या, नाहीतर पाण्यात बुडवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

दुसरी गोष्ट, भाजतं किंवा गंजवतं का. इथे पीएच बघतात, म्हणजे ॲसिड किती की अल्कली किती ते सांगणारा आकडा, तो 2 किंवा खाली (कडक ॲसिड), नाहीतर 12.5 किंवा वर (कडक अल्कली, जसं कॉस्टिक सोडा) असला की घातक. ॲसिडला सगळे घाबरतात, कॉस्टिकवाल्या ड्रेन क्लीनरला कुणी घाबरत नाही, पण तो बोटांना बुळबुळीत लागतो ना, ते आपल्याच कातडीतल्या तेलाचा साबण होत असतो. लगेच भरपूर पाण्याने धुवा.

तिसरी, बिथरतं का. अर्धं उरलेलं ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र ओतलं की क्लोरीन वायू सुटतो, ब्लीच अमोनियात ओतलं तर क्लोरामाइन नावाचा वायू, दोन्ही फुप्फुसं जाळतात. उरलेल्या बाटल्या एकत्र करूच नका. फुगलेली मोबाईलची बॅटरी पण यातच, ती टोचायची नाही, दाबायची नाही, चार्ज तर अजिबात करायची नाही.

चौथी, विषारी आहे का, आणि इथे खरा प्रश्न असतो की ढिगाऱ्यावर पाऊस पडला तर पाण्यातून काय झिरपेल. अमेरिकेतल्या टेस्टमध्ये कचरा सौम्य ॲसिडच्या पाण्यात साधारण 18 तास घुसळतात, आणि त्या पाण्यात लिटरमागे 5 मिलिग्रॅम शिसं किंवा 0.2 मिलिग्रॅम पारा निघाला की तो घातक. बटन सेल, सीएफएल दिवे, जुने सर्किट बोर्ड म्हणूनच वेगळे काढायचे.

यातल्या एकाला जरी हो आलं तर ते मोरीत ओतायचं नाही, साध्या कचऱ्यातही नाही, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यायचं. तोपर्यंत मूळ बाटलीतच ठेवा, लेबल काढू नका, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच भरू नका, लहान मुलं ती सरळ तोंडाला लावतात.