गाडी पळवायची असेल तर आधी ऑइल गरम होऊ द्या

स्पोर्ट्स कार जोरात चालवली म्हणून तिचं इंजिन लवकर खराब होतं असं नाही, थंड इंजिनावर जोरात चालवली की होतं. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) काटा ९० डिग्रीवर आला की लोकं लगेच रेडलाइनला, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला भिडतात पण इंजिन ऑइल तोपर्यंत बरंच मागे असतं, अजून घट्ट असतं आणि टर्बोला (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला) आणि इंजिनातले फिरते भाग पेलणाऱ्या बेअरिंगला हवं तसं पोचत नाही. पोर्शे ९११ किंवा बीएमडब्ल्यू एम सारख्या गाड्यांत ऑइलचं टेंपरेचर वेगळं दिसतं, तेच बघा, नसेल दिसत तर कूलंट गरम झाल्यावरही आणखी दहाएक मिनिटं आरामात चालवा. उभ्या गाडीला रेस देऊन गरम करू नका प्लीज, चालवतच गरम करा, गिअरबॉक्स पण सोबत गरम होतो.

ऑइल लेव्हल दर टाकीला तपासा. जोरात वळताना ऑइल एका बाजूला जातं, लेव्हल कमी असेल तर ऑइल पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि तिथेच बेअरिंग जातं.

आणि ब्रेक फ्लुइड! ते हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक ग्रेड) चा बॉइलिंग पॉइंट कमीत कमी २३० डिग्री, ओलावा धरलेल्याचा १५५ पर्यंत येऊ शकतो, मग आंबोली किंवा ताम्हिणी उतरताना ब्रेक तापले की ते उकळतं आणि पेडल एकदम मऊ पडतं. आपल्याकडचा पावसाळा बघता घाटात पळवणाऱ्यांनी दरवर्षी बदलाच, खर्च फार नाही. शेवटचे दोन-चार किलोमीटर मात्र हळू, टर्बो आणि ब्रेकच्या डिस्क दोन्ही थंड होतात.