गाडी शिकताय आणि छातीत धडधडतंय? आधी हळू चालवायला शिका

ड्रायव्हिंग स्कूलचे क्लास झाले, लायसन्स पण हातात आलं, पण गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आणि आपण अजून स्कूटीच काढतोय, असे लोक आपल्या आजूबाजूला ढीगभर आहेत. आमच्या घरात मावशी, मग वहिनी, मग भाचा, सगळ्यांच्या शेजारच्या सीटवर बसायचं काम माझ्याकडेच आलं आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. नवीन माणसाला भीती स्पीडची नसते, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये कोणीही गाडी पळवतो, घाम फुटतो तो गाडी सरपटत न्यायची वेळ येते तेव्हा, म्हणजे सिग्नल, चढ, अरुंद गल्ली, पार्किंग. त्यामुळे प्रॅक्टिस करायची ती शून्य ते दहाच्या स्पीडची, ऐंशीची नाही.

आणि क्लासमध्ये नेमकं हेच शिकायचं राहून जातं. तिथल्या गाडीत सरांच्या पायाखाली पण क्लच आणि ब्रेक असतो, गाडी बंद पडायला लागली की ते गुपचूप क्लच दाबतात आणि आपल्याला वाटतं वा, जमतंय की. मग घरची गाडी काढली की पहिल्याच वळणावर धक्के. तर क्लासच्या शेवटच्या काही दिवसांत सरांना स्पष्ट सांगा की पाय वर घ्या, बंद पडली तर पडू दे.

बसायचं कसं ते थोडक्यात. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे, पाठ सीटला टेकवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. घाबरलेला माणूस स्टिअरिंगला छाती लावून बसतो, त्याने काही जास्त दिसत नाही, उलट हात फिरवायला जागा उरत नाही. साईडच्या आरशात आपल्या गाडीची अगदी बारीक कड दिसली पाहिजे, बाकी सगळा रस्ता. उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हीला, डावा फक्त क्लचला, आणि काम झालं की डावा पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवायचा.

आता मेन गोष्ट, हाफ क्लच. रविवारी सकाळी लवकर एखादं मोकळं मैदान नाहीतर सपाट रिकामा रस्ता बघा, पहिला गियर टाका आणि ॲक्सिलरेटरला पायच लावू नका. टाच जमिनीला टेकवून क्लच अगदी हळूहळू वर सोडत या, एका जागी इंजिनचा आवाज जरा जड होतो, गाडी किंचित थरथरते, बॉनेट एवढंसं उचलल्यासारखं वाटतं, तिथेच पाय थांबवायचा. घाबरून झटकन सोडायचा नाही आणि परत दाबायचा पण नाही, तिथेच दोन-तीन सेकंद धरला की गाडी आपोआप चालायला लागते, पेट्रोल असो की डिझेल. मग पाय पूर्ण सोडा, थोडं पुढे जाऊ दे, क्लच ब्रेक दाबून थांबा, परत तेच. कंटाळा येईपर्यंत करा, खरंच कंटाळा आला पाहिजे. डाव्या पायाला ती जागा न बघता सापडायला लागली की अर्धी भीती तिथेच गेली समजा, कारण ट्रॅफिकमध्ये पुढे सरकायचं म्हणजे दुसरं काही नसतं, हेच परत परत असतं.

तरी गाडी बंद पडणारच, सगळ्यांची पडते. वहिनीची कर्वे रोडला सिग्नलला पडली, मागून हॉर्न सुरू, हिने घाईघाईत गियरमध्येच चावी फिरवली, क्लच न दाबता, गाडीने उडी मारली आणि पुढच्या रिक्षाच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबली, रिक्षावाले काका मागे वळून नुसते बघत राहिले. तेव्हापासून आम्ही क्रम पाठ करून टाकला, ब्रेक, क्लच, न्यूट्रल, चावी, मग पहिला गियर. तोंडाने मोठ्याने म्हणत करा, लाज वाटू देऊ नका, काचा बंदच असतात. हॉर्न वाजवणारा तुमच्या आधीच्या गाडीला पण वाजवत होता आणि नंतरच्याला पण वाजवणार आहे, त्याला सवयच आहे ती. मागे लाल एल लावलेला ठेवा, लायसन्स आलं तरी काढायची घाई कशाला, लोक खरंच थोडं अंतर ठेवतात.

लर्निंगवर असाल तर पुढे मागे एल लावणं आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवणं कंपल्सरीच आहे. लर्निंग सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. तीस दिवस झाले म्हणून लगेच टेस्टला धावू नका, हात बसला की द्या.

शेजारी कोणाला बसवायचं हा प्रश्न मात्र लायसन्सपेक्षा मोठा आहे. शक्यतो नवरा किंवा बाबा नकोत, वाईट वाटून घेऊ नका पण नकोत, 'अगं ब्रेक ब्रेक ब्रेक' असं ओरडण्याने कोणाचा पाय नीट पडलाय आजवर? जो आधी सांगतो, म्हणजे 'पुढे स्पीडब्रेकर आहे, आत्ताच दुसरा टाक' असं, तो माणूस चांगला. झाल्यावर लेक्चर देणाऱ्याला मागच्या सीटवर बसवा, नाहीतर घरीच ठेवा.

चढावर गाडी मागे जाते ही सगळ्यांची आवडती भीती. त्यावर हॅन्डब्रेक आहे ना. हॅन्डब्रेक ओढा, पहिला गियर टाका, ॲक्सिलरेटर थोडा द्या, हाफ क्लचला या, गाडीचं तोंड वर उचललं जातंय असं वाटलं की मग हॅन्डब्रेक सोडा, इंचभर पण मागे जाणार नाही. नवीन गाड्यांमध्ये हिल होल्ड असतं, ब्रेकवरचा पाय काढला तरी ते दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवतं, पण ते नसलेली गाडी कधीतरी चालवावीच लागते, त्यामुळे हॅन्डब्रेकची पद्धत येऊ दे.

उताराची भीती कोणाला वाटत नाही आणि खरी वाटायला पाहिजे ती तिथे. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रल करून गाडी सोडणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांचं अजिबात ऐकू नका. आत्ताच्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा गाड्यांमध्ये गियरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनचं पेट्रोल तसंही बंद होतं, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. आणि न्यूट्रलला इंजिन गाडी धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर, ते तापले की धरेनासे होतात, आणि इंजिनच बंद केलं तर ब्रेक दगडासारखा कडक. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना एका ट्रकने कितीतरी गाड्यांचं नुकसान केलं होतं, ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं असं पोलिसांच्या सुरुवातीच्या तपासात आलं होतं. घाटात ज्या गियरमध्ये चढलात साधारण त्याच गियरमध्ये उतरायचं, आणि अरुंद रस्त्यावर समोरून कोणी चढत असेल तर आधी त्याला जाऊ द्यायचं, नियमच आहे तो.

पुण्यात चालवणार असाल तर डावीकडे वळताना डावा आरसा बघितल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नका. इंडिकेटर दिलाय म्हणून स्कूटीवाला थांबेल असं नाही, तो त्याच इंडिकेटरकडे बघत आतून घुसतो. स्टॉपवर उभ्या पीएमटीच्या शेजारून जाताना पाय ब्रेकवर तयार ठेवा, बसच्या पुढून कोणीतरी धावत येतंच. आणि सरळ जायचंय म्हणून चौकात चारी इंडिकेटर लावू नका प्लीज, ते गाडी बंद पडून उभी असेल तेव्हासाठी आहेत.

रिव्हर्सला लोक मागेच बघत बसतात आणि पुढचा कोपरा पिलरला घासतात. स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल तिकडे गाडीचं बूड जातं आणि तोंड उलट्या बाजूला बाहेर जातं, त्यामुळे मागे जाताना मध्येच एकदा पुढच्या कोपऱ्यावर नजर टाकायची. ॲक्सिलरेटर नाही, फक्त हाफ क्लच आणि ब्रेक. डाऊट आला की थांबा, उतरा, मागे जाऊन डोळ्यांनी बघून या. वॉचमन 'येऊ द्या येऊ द्या' म्हणत असला तरी उतरा, घासली तर पैसे तो देणार नाहीये.

ऑटोमॅटिक घ्यावी का असं बरेच जण विचारतात. घरात तीच असेल आणि तीच चालवणार असाल तर खुशाल तिच्यावरच शिका, त्यात कमीपणा काही नाही, फक्त डावा पाय पूर्ण विसरून जा, तो चुकून ब्रेकवर क्लचसारखा पडला की मागचा माणूस डिकीत.

पावसाळ्यात सुरुवात करत असाल तर अजून एक. पहिल्या सरींना रस्ता सगळ्यात जास्त घसरतो, वर्षभराचं तेल वर येतं, तेव्हा पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. आणि काच आतून धुकटली की नवीन माणूस एका हाताने फडकं मारत एका हाताने चालवतो, तसं करू नका, एसी चालू करा, हवा पुढच्या काचेवर सोडा, थोड्या वेळात साफ दिसायला लागतं, तोपर्यंत बाजूला थांबलात तरी चालेल.