मेंदूतून मेंदूत मेसेज कसा जातो, घरी करून बघायचं असेल तर

2014 साली तिरुवनंतपुरममधल्या एका माणसाच्या मेंदूतून "ओला" (hola, स्पॅनिश) आणि "चाओ" (ciao, इटालियन) हे नमस्काराचे शब्द फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला पोचले, न बोलता न टाईप करता. लोक याला टेलिपथी म्हणतात पण शब्द असा गेलाच नव्हता, गेले ते 0 आणि 1, आणि हे नीट कळायला करून बघण्यासारखं दुसरं काही नाही.

तीन जण लागतात. आधी कोड बनवा, म्हणजे प्रत्येक अक्षराला 0 आणि 1 च्या खुणांची एक ओळ ठरवा. रोमन अक्षरांना 5 खुणा पुरतात कारण 32 जोड्या होतात, आपले स्वर, व्यंजनं, मात्रा त्यात मावत नाहीत म्हणून 6 घ्या, 64 होतात. तक्ता पाठवणाऱ्याकडे एक, घेणाऱ्याकडे एक.

आता पाठवणारा. त्या प्रयोगात 1 साठी हात हलवतोय असं मनात आणायचं आणि 0 साठी पाय, डोक्यावरची ईईजी टोपी (मेंदूतल्या विजेचे संकेत टिपणारी) तो फरक ओळखायची. आपल्याकडे टोपी नाही तर गुपचूप बोट उचला, 1 ला हाताचं, 0 ला पायाचं. तिसरा माणूस म्हणजे मशीन, त्याने 1 दिसला की डोळे मिटलेल्या घेणाऱ्यासमोर लांबून टॉर्च एकदा मारायचा, 0 ला काही नाही, फक्त "आता" म्हणायचं. खऱ्या प्रयोगात घेणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी होती आणि डोक्यामागे चुंबकीय कॉईल, तिच्या झटक्याने प्रकाश चमकल्यासारखं वाटायचं, आणि तो माणूस दिसलं की नाही ते सांगायचा.

वेग मिनिटाला 2 खुणाच ठेवा, तेव्हा साधारण तेवढाच होता. "आई" म्हणजे 12 खुणा, 6 मिनिटं! घाई करू नका, हा संथपणा अनुभवणं हाच तर मुद्दा आहे. एक खूण चुकली की अक्षरच बदलतं, म्हणून अख्खा शब्द तीनदा पाठवा आणि जास्त वेळा आलेली खूण खरी धरा. त्यांनी पण चार अक्षरांच्या 20 खुणांऐवजी 140 पाठवल्या होत्या.

कॉईल किंवा करंटचं काहीही घरी डोक्याला लावू नका, प्लीज. चुकीच्या वापराने फिट येऊ शकते.

जमलं की चौथा माणूस घ्या. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या राजेश राव, आंद्रेआ स्टोको यांच्या टीमने दोघांचे मेसेज तिसऱ्याला देऊन टेट्रिससारखा, पडणारे ठोकळे बसवायचा गेम खेळवला, एकाचे मेसेज मुद्दाम बिघडवले, तरी कोणावर भरवसा ठेवायचा ते घेणारा शिकला. तुम्हीही दोन पाठवणारे ठेवून एकाला अधूनमधून चुकीची खूण द्यायला सांगा, आणि घेणाऱ्याला तो कधी ओळखू येतो बघा.