मॅन पेज वाचूनही कमांड चुकते? या चुका टाळा

मॅन पेज (म्हणजे 'मॅन' या कमांडनं दिसणारं, दुसऱ्या कमांडच्या माहितीचं पान) नीट वाचलंय, पर्यायही बरोबर दिलाय, तरी कमांड भलतंच करते. अशा वेळी आधी एक गोष्ट तपासा: वाचलेलं पान आणि चाललेली कमांड एकच आहे का?

बॅश या शेलमध्ये (शेल म्हणजे कमांड घेऊन चालवणारा प्रोग्रॅम) 'एको' ही मजकूर छापणारी कमांड लिहिली की शेलच्या आतलीच एको चालते. 'मॅन एको' मात्र बहुतेक लिनक्सवर त्याच नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमची माहिती दाखवतं. दोघांचं वागणं जुळेलच असं नाही. 'टाइप एको' चालवा; 'शेल बिल्टइन' असं उत्तर आलं तर 'हेल्प एको' वाचा.

दुसऱ्या सिस्टिमचं पान वाचणं हीही नेहमीची चूक. लिनक्सवर फाइल जागच्या जागी बदलायला सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडला नुसता 'आय' हा पर्याय पुरतो. मॅकओएसवर त्यापुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, बॅकअप नको असेल तर रिकामी अवतरणचिन्हं. ती विसरलात तर सेड तुमच्या आज्ञेलाच एक्स्टेन्शन समजतो, आणि येणाऱ्या एररवरून खरं कारण मुळीच कळत नाही.

लिनक्सवरच्या मूलभूत कमांडची, म्हणजे जीएनयू प्रकल्पाच्या 'कोअरयुटिल्स' संचाची, मॅन पेजेस त्रोटक असतात. सविस्तर माहिती 'इन्फो कोअरयुटिल्स' ही कमांड चालवली की दिसते.

सगळ्यात घातक मला वाटतो तो एक्झिट कोडबद्दलचा (काम संपल्यावर कमांड जो आकडा देते त्याबद्दलचा) अंदाज. विंडोजवर रोबोकॉपी ही फाइली कॉपी करणारी कमांड आहे; 'रोबोकॉपी /?' केलं की पर्यायांची लांबलचक यादी येते, पण एक्झिट कोडचे अर्थ तिच्यात नसतात. ते मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन माहितीत शोधावे लागतात. फाइली व्यवस्थित कॉपी झाल्या की रोबोकॉपी 1 देते. 0 म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं. काहीतरी कॉपी व्हायचं राहिलं, हे 8 किंवा त्याहून मोठ्या आकड्यानं कळतं. शून्य नाही म्हणजे बिघाड, असं धरून लिहिलेली स्क्रिप्ट चांगल्या बॅकअपवरही रोज एरर दाखवते. त्याला कंटाळून कुणीतरी ती तपासणीच काढून टाकतं, आणि पुढे खरंच फाइली राहून गेल्या तरी कुणाला पत्ता लागत नाही. तपासणी काढू नका, बदला: बॅच फाइलमध्ये (विंडोजच्या स्क्रिप्टमध्ये) 'इफ एररलेव्हल 8' लिहिलं की 8 आणि त्यापुढचे सगळे आकडे पकडले जातात.

रोबोकॉपीचा '/एमआयआर' पर्याय वापरताना तर जास्तच जपा. मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या फाइली हा पर्याय दुसऱ्या फोल्डरमधून काढून टाकतो. आधी सोबत '/एल' देऊन चालवा. काहीही न बदलता काय काय होणार आहे त्याची यादी मिळते. लिनक्स आणि मॅकओएसवरच्या आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडमध्ये हेच काम 'एन' करतो.