कोलियस लावताय? या चुका टाळा

"सोलापूरच्या उन्हात कोलियस टिकत नाही" हे मी वर्षातून वीस वेळा तरी ऐकते. टिकतो. कोलियस म्हणजे रंगीबेरंगी पानांचं शोभेचं रोप. विजापूर रोडवरच्या माझ्या घराच्या पूर्वेच्या कट्ट्यावर नऊ कुंड्या आहेत आणि त्या सगळ्या जुन्या रोपांच्याच फांद्या लावून केलेल्या. ज्यांच्याकडे तो मरतो तिथे जाऊन पाहिलं, तर उन्हापेक्षा माणसाच्या हातानंच जास्त मेलेला दिसतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेंडा न खुडणं. कोलियसची पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे नवी फांदी फुटायची जागा, असतो. वरचा शेंडा शाबूत आहे तोवर खालचे डोळे दबून राहतात. तो काढला की त्या पेरावरचे दोन्ही डोळे फुटतात, एका फांदीच्या दोन होतात. हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. हरभऱ्याचे शेंडे भाजीला खुडले की झाड पसरतं, हे आपण लहानपणापासून बघतो. मग कुंडीतल्या रोपाला हात लावताना जीव का कचरतो? रोप वीतभर झालं की पानांच्या जोडीच्या अगदी वर नखानं खुडा. नव्या फांद्यांना तीन-तीन जोड्या पानं आली की त्यांचेही शेंडे खुडा. कात्री लागतच नाही.

माझ्या थोरल्या नणंदेनं हे ऐकलं नाही. तिचं रोप कमरेएवढं झालं, काठीला बांधलं आणि दिवाळीनंतर त्यावर निळसर तुरे आले. मी म्हटलं, "अक्का, हे तुरे काढा." ती म्हणाली, "अगं, मंजिरीसारखं आलंय, कसं तोडू?" तिचं चुकलं असं नाही म्हणणार, कोलियस तुळशीच्याच कुळातला, दांडा बोटांत धरला तर तसाच चौकोनी लागतो. पण तुळशीच्याही मंजिऱ्या आपण खुडतोच की! तुरा बी धरायला लागला की रोपाचा सगळा जोर तिकडे जातो, पानं लहान येतात, खालची गळतात. जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची जत्रा आली तेव्हा नुसता दांडा आणि टोकाला चार पानं एवढंच उरलं होतं.

खरं नुकसान पुढे झालं. मार्चअखेर तिनं एका दुपारी ते रोप बुडापासून चार बोटांवर कापलं. एकही पान ठेवलं नाही. खालचा दांडा जुना, लाकडासारखा झालेला. तिथले डोळे उठायला वेळ घेतात. अन्न तयार करायला पान नाही, वर चढतं ऊन. दहा दिवसांत दांडा काळा पडला. मला अजून हळहळ वाटते, कारण तो गर्द लाल आणि पोपटी कडेचा रंग मला पुन्हा कुठल्या नर्सरीत मिळाला नाही. आधी दोन फांद्या पाण्यात घालून ठेवल्या असत्या तर तो आजही घरात असता.

म्हणून माझा नेम असा: एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही आणि प्रत्येक फांदीवर निदान दोन जोड्या पानं ठेवायची. मोठी छाटणी पावसाला सुरुवात झाल्यावरच. मार्च ते मे फक्त तुरे आणि वाळकी पानं काढायची.

दुसरी चूक पाण्याची, आणि ती मीही केली आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे पाण्याच्या दिवशी कुंड्या काठोकाठ भरायच्या आणि मधले दिवस विसरायचं, अशी सवय लागते. त्यात कुंडीत भरलेली असते निव्वळ काळी माती. ती ओली असताना चिकट, मुळांना हवा नाही; वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. बशीत पाणी दिसतं, आत मुळं कोरडी. एका एप्रिलमध्ये दुपारी पानं माना टाकताना दिसली म्हणून मी रोज दुपारी पाणी ओतत गेले. माती आधीच ओली होती. रोप नुसतं उन्हानं मलूल झालं होतं, संध्याकाळी आपोआप उभं राहिलं असतं. चार रोपं बुडाशी सडली. तेव्हापासून पेरभर बोट मातीत घातल्याशिवाय मी पाणी देत नाही. पाणी सकाळी, थोडं थोडं, साठवलेल्या बादलीतून. मातीत निम्मी काळी माती, बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि मूठभर वाळू.

सकाळी नऊ-दहापर्यंतचं ऊन पुरे. पश्चिमेचं ऊन पानं करपवतं. अगदी अंधाऱ्या जागी रंग मळकट होतात.

नर्सरीतून आणल्या दिवशी कुंडी बदलू नका. आठवडाभर सावलीत राहू द्या. ज्यांना पहिल्याच रविवारी भरगच्च कुंडी हवी असते त्यांनी फुलांचा गुच्छ विकत घ्यावा.

चमचाभर युरिया टाकून पानं मोठी करण्याचा नाद सोडा. रोप पोकळ वाढतं, मावा धरतं आणि लालीही उतरते. टॉनिकच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. महिन्याला दोन मुठी गांडूळखत मला पुरलं आहे.

पेरात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा, निंबोळी तेल संध्याकाळी फवारा.

आणि खुडलेले शेंडे फेकू नका. तुरा न आलेली बोटभर लांब फांदी घ्या, खालची पानं काढा, पेर बुडेल इतक्या पाण्यात ठेवा, पाणी एक दिवसाआड बदला. साधारण आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. ती इंचभर झाली की लगेच मातीत. महिनाभर पाण्यातच ठेवलेली रोपं मातीत गेल्यावर रुळायला फार त्रास देतात. माझ्या स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत फेब्रुवारीअखेर प्रत्येक रंगाच्या दोन-दोन फांद्या ग्लासात असतात, मुळं आली की त्या घरातच छोट्या कुंडीत जातात. मे महिन्यात बाहेरचं एखादं रोप गेलंच, तर मृगात त्याच रंगाचं रोप परत त्याच कुंडीत लागतं.