हवेतून गुंतलेले फोटॉन पाठवताय? या चुका टाळा

या गच्चीवरून त्या गच्चीवर गुंतलेले फोटॉन, म्हणजे ज्यांची मोजमापं एकमेकांशी जुळलेली असतात अशा प्रकाशकणांच्या जोड्या, पाठवायचे आणि आकडे बिघडले की हवेच्या नावानं बोटं मोडायची, ही जुनी खोड. पण गुंता ध्रुवीकरणाचा, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेचा, असेल तर हवा सहसा निर्दोष सुटते. 2007 साली कॅनरी बेटांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जोडीतला एक फोटॉन ला पाल्मावर मोजला, दुसरा 144 किलोमीटर हवा कापून तेनेरिफेवरच्या एक मीटरच्या दुर्बिणीत शिरला. गुंता खरा आहे का हे तपासणाऱ्या बेल चाचणीचा आकडा आला 2.508, अभिजात भौतिकीची मर्यादा 2. वाटेत असंख्य फोटॉन हरवले, पण पोचलेल्यांचं नातं शाबूत होतं.

मग बिघाड कुठे? आधी फोटॉन वाहून नेणारं फायबर, म्हणजे काचेचा धागा, बघा. एसीच्या झोतात लोंबकळणारं फायबर ध्रुवीकरण गुपचूप फिरवतं. बोटानं जरा हलवा. आकडे नाचले तर चोर सापडला. टेपनं टेबलाला चिकटवा आणि ध्रुवीकरण जुळवणारी पॅडल पुन्हा लावा. इथे अनेकजण फक्त उभं-आडवं ध्रुवीकरण तपासून उठतात. 45 अंशाचं तपासलंच नाही, तर खरा दोष तिथेच लपून राहतो.

दुसरी चूक, कॉइन्सिडन्सची खिडकी, म्हणजे दोन टोकांच्या क्लिक एकाच जोडीच्या मानायचा वेळ, ऐसपैस ठेवणं. दोन्ही डिटेक्टर सेकंदाला 1 लाख क्लिक देत असतील, तर 10 नॅनोसेकंदांच्या खिडकीत निव्वळ योगायोगाच्या 100 जोड्या दर सेकंदाला घुसतात. 1 नॅनोसेकंद केली की 10 उरतात. मात्र दोन टोकांची घड्याळं सरकत असतील तर अरुंद खिडकीतून खऱ्या जोड्याही निसटतात. म्हणून आधी घड्याळं जुळवा.

हवा खरोखर त्रास देते ती किरण डोलवून आणि सिग्नल लुकलुकवून. वाट दाखवणारा बीकन लेसर सोबत ठेवा, तो मंदावेल ते क्षण गाळा. पण कुठे गाळायचं हे आधीच ठरवा. निकाल बघून मर्यादा हलवली तर ती स्वतःचीच फसवणूक.

पिळदार प्रकाशाचं, म्हणजे मळसूत्रासारखा वळत जाणाऱ्या तरंगाचं, प्रकरण वेगळं. तिथे माहिती तरंगाच्या आकारातच असते आणि हवा नेमकी तीच विस्कटते. व्हिएन्नात शहरावरून 3 किलोमीटरपर्यंत असा गुंता पोचवून दाखवला आहे, तोही कमी पिळाचा. जास्त पिळ हवा असेल तर तरंग सुधारणाऱ्या आरशाचा खर्च धरूनच बसा.

आणि दुपारी दोनला तापलेल्या स्लॅबला घासून किरण सोडू नका. स्टँड उंच करा, सूर्योदयाच्या आसपासची वेळ धरा.